दाभोळच्या पलीकडचं गाठोडं

माझी छाती आता बरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही खाटेवर पडून हे वाचत असाल तर तुम्हाला पहिलं तेच विचारायचं असणार. मीही तेच विचारायचो. बरा होऊन गेलेला कुणी वॉर्डात भेटायला आला की बाकीच्या गप्पा नकोत, आधी सांग, बरा झालास ना? नक्की? मग बस. तर मी बरा आहे. कचेरीत जातो, जिना चढताना मध्ये एकदा थांबतो, आणि पार्ल्याहून चालत देवगडच्या अलीकडच्या माझ्या गावी जाऊन आलो आहे.

पण हे सुखाचं पुराण नाही. मी बरा झालो आणि घरातलं एक माणूस गेलं, आणि या दोन गोष्टी मला अजून एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, नव्या रोग्यांना धीर येईल असं काहीतरी लिहा. धीर येईल की नाही कुणास ठाऊक, पण खोटं लिहिणार नाही. खोटं बोलायचं काम आमच्या घरात आईने केलं. तिच्याइतकं ते मला जमायचं नाही.

*

चालत गावी जायचं हे खूळ माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. तात्या पोरवयात मुंबईला आले तेच मुळी चालत. त्यांचे वडील गलबतातून जाताना बुडाले, तेव्हा आजीने शपथ घातली की माझ्या पोराने दर्यात पाय घालायचा नाही. सगळा गाव बोटीने मुंबईला जायचा आणि तात्या आपल्या काकाचं बोट धरून किनाऱ्याकिनाऱ्याने. वाटेत खाडी आली की तरीच्या होडीतून पलीकडे. "खाडी चलता, दर्यो नाय," हे आजीचं शास्त्र.

पुढे गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. मी शिकलो, विमा कंपनीत कारकून झालो, लग्न झालं, लालबागची चाळ सोडून आम्ही पार्ल्याला दोन खोल्यांत आलो. तात्या गिरणीतून मोकळे झाले आणि त्यांनी जाहीर केलं, ज्या वाटेने आलो त्या वाटेने एकदा परत जायचं. एकटं नाही, मुलाला घेऊन.

"माका काकान वाट दाखवल्यान. मी तुका दाखवतंय. मगे तू तुझ्या झिलाक दाखव."

मला झील अजून व्हायचा होता, पण एवढ्यातेवढ्याने तात्या अडत नसत.

आधी मी हसलो. पण माणूस रोज संध्याकाळी जमिनीवर खडूने किनारा काढून बसला की कितीदा हसणार? ठाणं, पनवेल, पेण, मग रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन, बाणकोट, केळशी, हर्णै, दाभोळ. दाभोळ म्हणजे निम्मी वाट. पुढे गुहागर, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग. प्रत्येक खाडीशी खडू टेकवून ते पलीकडे नेणारी तर कुठून सुटते ते सांगत. पुळणीवरून चालायचं तर ओहोटी धरून, भरतीत रेती पाय ओढून घेते. पायात वहाणाच हव्यात, तुझे ते कॅन्व्हासचे बूट पहिल्या खाडीत कुजतील. सरावासाठी आम्ही रविवारी बाहेर पडू लागलो. कधी बोरिवलीला उतरून कान्हेरीपर्यंत, कधी पार्ल्याहून मरोळ, पवई करत थेट मुलुंड. तात्या पुढे आणि मी धापा टाकत मागे. धाप कशाने लागते याचा विचार दोघांनीही केला नाही. कारकुनाची जात, बसून बसून असं होतंच, असं तात्या म्हणत.

आईचा या सगळ्याला विरोध. "गिरणीत पाय झिजले ते थोडे झाले? म्हातारपणी हो कसलो चळ?" असं ती रोज एकदा म्हणायची आणि तात्या रोज एकदा ऐकायचे नाहीत. त्यांनी तिचं ऐकलेलं मी कधी पाहिलेलं नाही. माझी बायको सुमन म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, बायका कशाला? ते तिने लक्षात ठेवलं.

*

प्रस्थान ठेवणं म्हणजे काय ते आता पुष्कळांना सांगावं लागतं. प्रवासाचा मुहूर्त आज असतो आणि रजा मिळायची असते पुढच्या पंधरवड्यात. मग मुहूर्तावर माणसाच्या जागी त्याचं गाठोडं निघतं. अंगावर घातलेला एखादा कपडा, मूठभर तांदूळ, सुपारी, एक नाणं. हे बांधून जायच्या वाटेवर दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं आणि निघताना तिथून उचलायचं. म्हणजे प्रवास मुहूर्तावर सुरू झाला. फक्त एक गोष्ट करायची नाही. ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला, आणि मोडलेला प्रवास ज्याचा त्याला भोवतो.

तात्यांनी दोघांची दोन गाठोडी बांधली. माझ्या गाठोड्यात माझा निळ्या रेघांचा सदरा. घाटकोपरला आईची बहीण, आमची तारामावशी, राहायची आणि ते आमच्या वाटेवरच होतं. तिच्या माळ्यावर गाठोडी ठेवून आम्ही चहा पिऊन परत आलो. त्याच आठवड्यातल्या रविवारी शेवटचा सराव म्हणून निघालो, आणि पवईच्या चढावर मला खोकला आला. रुमाल तोंडाला लावला, बाजूला केला, आणि बघतो तर लाल.

तात्यांनी रुमाल माझ्या हातातून घेतला, घडी केला आणि स्वतःच्या खिशात घातला. "दातातसून इला आसात," म्हणाले. मीही हो म्हटलं. तिथून घरी येईपर्यंत ते पहिल्यांदाच माझ्या मागून चालले.

*

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीकडे धरला आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले, म्हाताऱ्याला कळू नये म्हणून. म्हातारा फोटोकडे बघत होता. गिरणीत त्याच्या साच्याशेजारचे किती जण या रोगाने गेले ते डॉक्टरांना काय माहीत?

"चलूक कधी मिळात?" तात्यांनी एवढंच विचारलं.

"आजोबा, वर्ष दीड वर्ष चालण्याचं नाव काढू नका. खाटेवर पडून राहणं हेच औषध. सुया आहेत, नव्या गोळ्या आल्यात. पूर्वीसारखं नाही राहिलं आता."

ते शेवटचं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. तुम्हीही धरा, ते खरं आहे. पण त्या दिवशी पार्ल्याच्या बाजारातून घरी येताना मला सगळ्यांचा राग येत होता. भाजी निवडून घेणाऱ्यांचा, हसणाऱ्यांचा, नुसत्या सरळ श्वास घेणाऱ्यांचा. मी तिशीही गाठली नव्हती. मला मरायचं नव्हतं हो. हे असं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिलं.

घरी कुणी रोगाचं नाव उच्चारलं नाही. "छातीचं जरा" म्हणायचं. माझा कप वेगळा झाला, ताटली वेगळी झाली, शेजारच्या काकूंनी आमच्याकडून विरजण नेणं बंद केलं. सुमनचे वडील तिला दादरला न्यायला आले, थोडे दिवस म्हणून. ती त्यांच्यासमोर माझ्याच वेगळ्या कपात चहा ओतून प्यायली. ते उठून गेले, आणि मी तिच्यावर ओरडलो. मूर्खपणा तो मूर्खपणाच. पण आजही तिच्याशी भांडताना तो कप आठवला की माझं भांडण अर्ध्यावर संपतं.

*

इस्पितळ मुलुंडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. नाव लिहीत नाही. लांब व्हरांडे, लोखंडी खाटा, खाटेखाली थुंकीचा डबा. पहाटे थर्मामीटर, मग सुई, मग दूध, अंडं, आणि ती कडू भुकटी जी पाण्यातून घेतली की दुपारपर्यंत ढेकर येतात. जेवणानंतर विश्रांतीचा तास. तेव्हा बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुशीवरसुद्धा फार वळायचं नाही. वाट लागते त्या तासात माणसाची. दुसऱ्याचा खोकला ऐकायचा आणि तो आपल्यापेक्षा ओला आहे की कोरडा ते ठरवायचं.

माझ्या शेजारी गोराईचा पास्कल होता. कोळंबीच्या आठवणीने त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, रोगाच्या आठवणीने कधी नाही. त्याला अंडी सोसत नसत, तो आपलं अंडं मला द्यायचा आणि म्हणायचा, "खा रे, तुला गावाला चालत जायचाय ना." नव्या रोग्यांना तो माझी ओळख करून देई, हा बघ, हा कोकणात चालत निघालाय, वाटेत जरा पडलाय. या थट्टेवर मी पुष्कळ दिवस काढले. पास्कल माझ्या आधी घरी गेला, चांगला जाडा होऊन. हेही खरं आहे, लिहून ठेवतो.

रविवारी घरचे येत. तात्या खाटेपासून लांब बसत नसत. आई एका अंगाला, सुमन दुसऱ्या, आणि तात्या थेट माझ्या पायांशी. बोलताना माझ्या पोटऱ्या चाचपत. "मास उतरला," म्हणत. छातीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, पायांबद्दल विचारत.

थंडी सुरू झाली तेव्हा एका रविवारी ते एकटेच आले. पायात नव्या वहाणा करकरत होत्या. माझं जेवण नुकतंच आलेलं होतं. बसलेच नाहीत. म्हणाले, "ता दही माका दी जरा. हातार दी." आणि उजवा तळहात पुढे केला.

मी चिडलो. माझ्या भांड्यातलं उष्टं खाऊन तुम्हीही इथे येऊन पडणार आहात का, म्हटलं. ते हात पुढे करून उभेच. शेवटी मी न खाल्लेल्या बाजूचं चमचाभर दही त्यांच्या हातावर घातलं. त्यांनी ते चाटून घेतलं, माझ्या पावलांना हात लावला, आणि "येतंय हां" म्हणून गेले. नव्या वहाणांचा आवाज व्हरांडाभर ऐकू येत होता.

प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. लहानपणी आईने माझ्या हातावर कितीदा घातलं असेल. तरी मला कळलं नाही.

*

पुढच्या रविवारी सुमनने सांगितलं. झालं होतं असं की तारामावशीने निरोप धाडला, तुमची गाठोडी घेऊन जा. तिच्या दोन मुली लग्नाच्या, आणि माळ्यावर क्षयाच्या माणसाचा अंगावरचा सदरा. तिला तरी काय बोलणार? आई म्हणाली, जाऊन घेऊन या घरी. तात्या म्हणाले, घरी आणायचं नाही. पोराचा प्रवास मोडला तर पोर उठायचं नाही. ठेवायला जागा नाही आणि परत आणायचं नाही, म्हणजे राहिलं काय? पुढे न्यायचं. तात्यांनी दोन्ही गाठोडी खांद्यावर टाकली आणि घाटकोपरहून ठाण्याच्या रस्त्याला लागले.

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?" मी म्हटलं. एवढा मोठा आवाज काढायची मला परवानगी नव्हती. नर्स धावत आली.

"तुझ्या वडिलांना कुणी थांबवलंय कधी?" सुमन म्हणाली.

मग आई यायची थांबली. सुमन एकटी यायची. आईचे गुडघे धरलेत, आईला सर्दी आहे, इस्पितळात सर्दीचं माणूस नको. मला आधी काळजी वाटली, मग राग आला. एक म्हातारा रस्त्यावर आणि एक म्हातारी घरात, आणि मी इथे छताकडे बघतोय. कुणालाच माझी पडलेली नाही, असं वाटायला लागलं. आजारी माणूस किती आपमतलबी होतो ते आजारी पडल्याशिवाय कळत नाही. ताप पुन्हा चढला. डॉक्टर सुमनला बाजूला घेऊन काहीतरी बोलले.

त्यानंतरच्या रविवारी आई आली.

मला इतका आनंद झाला की पहिल्यांदा मी नीट पाहिलंच नाही. कपाळावर नेहमीसारखं ठसठशीत कुंकू, फक्त जरा खाली उतरलेलं. हातात हिरव्या बांगड्या. पदर दोन्ही खांद्यांवरून गळ्याशी घट्ट लपेटलेला. थंडी वाजते म्हणाली. स्टुलावर बसली ती पाय आत घेऊन.

"तात्यांचं काय?" मी विचारलं.

"ह्ये बरे आसत. कोण गावचा माणूस येता, सांगान जाता. श्रीवर्धनाक पोचले. थंय एका बामणान जेवूक घातल्यान." आणि ती सांगतच सुटली. त्या बामणाच्या वाडीतली सुपारी, त्याची सून, तिने केलेली फणसाची भाजी. आई, जिला दोन वाक्यांच्या पुढे गोष्ट सांगता येत नसे.

घंटा झाली. आई उठली, चप्पल शोधायला तिने पाय पुढे केला आणि मला तिची बोटं दिसली. जोडवी नव्हती. लग्नापासून न काढलेली जोडवी, त्यांच्या जागी पांढरी पडलेली वळी होती नुसती.

तिने कुंकू लावलं होतं. बांगड्या भरल्या होत्या, त्या सुमनच्या होत्या हेही मला आता दिसलं. पायांचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या काळी आमच्या घरातल्या बाईने नवरा गेल्यावर कपाळाला कुंकू लावणं म्हणजे काय, ते आमच्यातल्या माणसालाच समजेल. आई देवाला भिणारी. उपास मोडला तर आठवडाभर झुरणारी. सुमनने मला नंतर सांगितलं, इस्पितळाच्या फाटकाशी नळ होता, तिथे सुमनच्या करंड्यातलं कुंकू ती लावायची आणि जाताना त्याच नळावर धुऊन टाकायची. धुताना दर वेळी देवाची क्षमा मागायची. पण पुढच्या रविवारी पुन्हा लावायची.

मी उशीत तोंड खुपसलं. आम्हाला रडायची मनाई होती, खोकला येतो. तरी रडलो. तात्या माझे होते. मी एकुलता एक मुलगा, आणि त्यांना अग्नी कुणी दिला हेसुद्धा मला माहीत नव्हतं, आणि विचारता येत नव्हतं.

पुढचा रविवार आला. मी विचार केला, आपण गप्प राहिलो तर हिला कळेल की आपल्याला कळलंय. मग ती तोंड कुठे लपवील? ती बसल्याबरोबर मीच म्हटलं, "काय गं, कुठवर पोचले तात्या?"

तिचा चेहरा सुटला. "हर्णैक," म्हणाली.

असे किती रविवार गेले. आईने तात्यांना चालवत ठेवलं. घाटकोपरच्या पुढे ती कधी पायी गेलेली नव्हती, पण तिच्या तोंडून मी खाड्या ऐकल्या, पुळणी ऐकल्या, देवळाच्या ओसरीत झोपलेले तात्या ऐकले. तात्यांना तिने नवा सदरा दिला, एका गावात त्यांच्या वहाणा शिवून दिल्या. जमिनीवरचा तो खडूचा किनारा ती रोज पुसत होती, तेव्हा तिने नावं वाचली होती, पण क्रम नव्हता तिच्या डोक्यात. हर्णैनंतर तिने त्यांना बाणकोटला नेलं. मी तसंच ऐकून घेतलं. रविवारची मी वाट बघायचो, आणि हे लिहायला विचित्र वाटतं, पण त्या गोष्टी ऐकून माझं वजन वाढलं. शेवटी एकदा ती म्हणाली, "पोचले घराक. आता थंयच रवतले जरा." आणि पदराने तोंड पुसलं.

*

मला घरी सोडलं तेव्हा उन्हाळा होता. दारात आई उभी होती, उघड्या कपाळाने. मी तिच्या पाया पडलो आणि उठलोच नाही. खाली बसून तिच्या पायाच्या बोटांवरून हात फिरवला.

"कधी कळला तुका?"

"पहिल्याच दिवशी. जोडवी घालायची राहिली होती."

तिने आपल्या पायांकडे बघितलं. "मगे आयकत कित्याक बसलंस?"

"तात्या कुठवर जातात ते ऐकायचं होतं."

मग सुमनने खरं काय ते सांगितलं. तात्या दाभोळपर्यंत पोचले. तिथे तरीच्या धक्क्याजवळच्या देवळात तापाने पडले आणि उठले नाहीत. टपालमास्तरांनी तार केली. गावाहून चुलतभाऊ आला, त्याने अग्नी दिला. त्यांचं गाठोडं त्यांच्याबरोबर गेलं. माझं मात्र तिथे नव्हतं. शुद्धीत असताना त्यांनी ते तरीवाल्याच्या हाती पलीकडे धाडलं होतं, धोपाव्याला. पलीकडे ठेव, म्हणाले होते, माझो झील येतलो.

*

दोन हिवाळे मी नुसता फिरायला जात होतो, आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग स्टेशन, मग मरोळ. तिसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मान हलवली. सपाटीवर, सकाळचंच, थकलात की थांबायचं, चढ असेल तर एस.टी. पकडायची. सुमनने पिशवी भरली आणि म्हणाली, "या वेळी बायका कशाला म्हणालास तर बघ." मी म्हणालो नाही.

दहीभात खाऊन निघालो. आईने दोघांच्या हातावर दही घातलं. माझ्या हातावर घालताना मी चमचा धरलेला तिचा हात धरून ठेवला, मला सोडवेना.

जे रोगी हे वाचत आहेत त्यांना खरं सांगतो, चालण्यात मौज फार थोडी होती. पनवेलपर्यंतच माझा जीव मेटाकुटीला आला. पेणच्या पुढे एकदा भर रस्त्यात बसलो आणि सुमनला म्हटलं, तू जा, मला जमणार नाही. ती शेजारी बसून शेंगा सोलत राहिली. शेंगा संपल्यावर उठलो. तात्यांनी खडूने काढलेलं सगळं एकेक समोर येत होतं. दिघीची तर, बाणकोटची खाडी, केळशीची पांढरी पुळण. ओहोटीला ओली रेती घट्ट असते, तिच्यावर पाय सहज पडतो, हे त्यांनी सांगितलेलं तळपायांना कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. हे त्यांनी मला स्वतः दाखवायचं होतं. श्रीवर्धनला मी वेड्यासारखा सुपारीच्या वाड्या बघत गेलो, तो बामण भेटेल म्हणून. आईने त्याला मनाने घडवला होता, हे माहीत असून.

दाभोळला त्या देवळाच्या ओसरीवर आम्ही दुपार काढली. एका माणसाने वाळूतली जागा दाखवली. तिथे काहीच नव्हतं. मी तिथे थोडं पाणी घातलं. मंत्र येत नव्हते, म्हणून नुसतं "तात्या, मी चालत आलो" म्हटलं.

मग खाडीची तर. भरतीचं पाणी चढत होतं, होडी हळू चालली होती. पलीकडे तरीवाल्याचं घर अगदी काठाला. तो नव्हता, त्याची म्हातारी होती. मी नाव सांगितलं तर तिने आधी मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"किती दिस लावलेस रे बाबा," म्हणाली. आत गेली आणि आढ्याला टांगलेल्या शिंक्यातून गाठोडं काढून आणलं. निळ्या रेघांचा सदरा धुऊन घडी केलेला होता. सुपारी, नाणं, तांदूळ. तांदूळ पांढरेशुभ्र, ताजे. इतक्या दिवसांत ते किडायला हवे होते.

"दर दिवाळीला बदलतंय," ती म्हणाली. "किडे व्हत्यात. आमचा म्हातारा म्हनला, पोरगा येनार हाय. मग येईल तवा चांगलं नको?"

मी तिथेच तो सदरा अंगात घातला. ढगळ झाला होता. पुढचं गाव येईपर्यंत तसाच चाललो.

गावात पोचलो, गाठोडं घरच्या देवांसमोर सोडलं, तांदूळ शिजवून सगळ्यांनी खाल्ले. प्रवास पुरा झाला.

*

परत आल्यावर आईने मला जेवायला वाढलं आणि समोर बसून सगळी वाट ऐकली. मधेमधे विचारत होती, म्हातारी दिसायला कशी, तरीची होडी केवढी, देवळात वारा येतो का. मी सांगत होतो. सांगता सांगता सहज म्हटलं, "आई, तुझं एक चुकलं होतं. बाणकोट आधी लागतं, हर्णै मागून. तू हर्णैनंतर बाणकोट केलंस. तात्यांना उलटं चालवलंस तू."

"उलटे म्हणजे खंय?"

"मुंबईकडे. घराकडे."

तिने माझ्या ताटात भात वाढला, त्यावर आमटी घातली. मग म्हणाली, "त्या दिवशी ह्ये दारातसून भायर पडले तेव्हा मी शेगडीकडे हुतंय. हाक तोंडापर्यंत इली हुती. पण जाणाऱ्या माणसाक मागसून हाक मारू नये म्हणतत. मारूक नाय मी."

आमटीची वाटी तिने बाजूला सरकवली.

"बरा झाला मगे, उलटे चलले ते," म्हणाली. "जन्मात पयल्यांदा माझा आयकल्यानी."